घोषणेतलं कारवार आणि काळीकाठचं कारवार

आज जरा मोठं लिहितोय, सवडीने वाचा.

बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकी. ही नावं सीमाभागातल्या आपल्या पिढ्यांना पाढ्यांसारखी पाठ आहेत. पण त्यातलं कारवार आपल्यापैकी किती जणांनी खरोखर पाहिलंय? माझं आजोळ काळी नदीपलीकडचं, सदाशिवगडचं, आणि घर बेळगावात. त्यामुळे मला दोन कारवारं भेटली. एक मोर्चाच्या फलकावरचं आणि दुसरं आजीच्या बोलण्यातलं. पहिल्यावर भरपूर लिहून झालंय. दुसरं मात्र म्हातारी माणसं गेली की त्यांच्याबरोबर जातं, म्हणून आज त्याबद्दल लिहितो.

आधी जागा समजून घेऊ. काळी नदी जोयडा तालुक्यातल्या डिग्गीजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. बेळगावहून खानापूर, रामनगर, जोयडा करत अणशीचा घाट उतरलात की कद्र्याजवळ ती पुन्हा भेटते आणि तिच्या सोबतीनेच शेवटी समुद्र दिसतो. बाकी कोकणात डोंगर आणि दर्या यांच्यामध्ये बरीच मोकळी पट्टी असते. इथे डोंगर थेट पाण्यापर्यंत येतात. कारवारची किंमत यातच आहे. मागे रान आणि पुढे खोल पाण्याचा, बेटांनी अडवलेला आडोसा. आजीच्या स्वयंपाकघरातही हेच दोन होते. बांगड्याच्या आमटीत तिरफळं पडायची. बांगडा समोरच्या दर्यातला, तिरफळ मागच्या रानातलं. सोलं परसातली आणि कालवं काळीच्या खाडीतली. बाजारातून मीठ-मिरची सोडून फारसं काही येत नसे.

या जागेवर परक्यांची नजर फार आधी पडली. १६३८ मध्ये कोर्टीन यांच्या इंग्रज व्यापारी मंडळीने इथे वखार घातली. माल होता मिरी, वेलदोडे आणि घाटावरून येणारं तलम कापड. तेव्हाचं कारवार आजच्या जागी नव्हतं. ते नदीच्या आत, कडवाडच्या बाजूला होतं. कारवार हे नाव कडवाडवरूनच आलं असं मानतात.

फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज आरमार घेऊन बसरूरवर गेले. परतताना गोकर्ण, अंकोला करत ते कारवारच्या वेशीवर आले. गावात विजापूरचा सरदार शेरखान नेमका येऊन थांबला होता. शेवटी व्यापाऱ्यांनी मिळून खंडणी भरली, त्यात इंग्रजांचा वाटा ११२ पौंड होता. इंग्रजांच्या पत्रव्यवहारात याची नोंद आहे, आणि शेरखानाने आपली शिमग्याच्या तोंडावरची शिकार बुडवली असं महाराज म्हणाल्याचंही त्यांनी लिहून ठेवलंय. पुढे १६७५ मध्ये फोंडा घेतल्यावर अंकोला, शिवेश्वर, कद्रा आणि कारवार हा सारा मुलूख स्वराज्यात आला. नदीच्या मुखावरचा सदाशिवगड मात्र नंतरचा. तो सोंदेकरांनी १७१५ च्या सुमारास बांधला आणि सदाशिव नायकांच्या नावावरून त्याला नाव मिळालं. लहानपणी मला तो महाराजांनीच बांधला असं सांगितलं गेलं होतं. गावोगावी असंच सांगतात.

आता आपल्या मराठी घरांशी ज्याचा थेट संबंध आहे ते वर्ष, १८६२. तोवर हा उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यात होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. धारवाड-हुबळीकडचा कापूस बोटीवर चढवायला जवळचं बंदर हवं होतं, म्हणून जिल्हा उचलून मुंबई इलाख्याला जोडला. घाटातून रस्ते झाले, बंदर बांधायला घेतलं, आणि जिथे कोळ्यांची वस्ती होती तिथे आजचं कारवार शहर उभं राहिलं. म्हणजे हे शहर कापसाच्या आशेवर वसलं. ती आशा फार टिकली नाही. युद्ध संपलं आणि कापसाचे भाव पडले. हुबळीहून कारवारला रेल्वे आणायच्या गोष्टी नुसत्या बोलण्यातच राहिल्या. १८८० च्या दशकात मुरगाव बंदर आणि तिथून घाट चढणारी रेल्वे झाली, तसा घाटावरचा व्यापार तिकडे वळला. कारवारला रेल्वे दिसायला कोकण रेल्वेची वाट पाहावी लागली. १९९८ मध्ये ती पूर्ण झाली.

व्यापार गेला तरी कचेऱ्या राहिल्या. जिल्ह्याचं ठाणं इथेच होतं. भारतीय सनदी सेवेतले पहिले हिंदी अधिकारी सत्येंद्रनाथ ठाकूर इथे न्यायाधीश होते. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचे धाकटे बंधू रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले. चांदण्या रात्री काळीतून होडीने केलेल्या सफरीबद्दल त्यांनी आठवणींत लिहिलंय, आणि 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी कारवारलाच लिहिलं. शहराच्या किनाऱ्याला त्यांचं नाव आहे. सत्येंद्रनाथांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले, हे मात्र आपल्यातही थोड्यांना ठाऊक असतं.

१८६२ ते १९५६. तब्बल ९४ वर्षं कारवारचं तोंड मुंबईकडे होतं. शिकायला, नोकरीला, दुखण्याला आगबोटीने मुंबई गाठायची. घरात बोलणं कोंकणी. शाळा मराठी, भजनं मराठी, गणपतीतली नाटकं मराठी आणि मुंबईच्या मुलाला धाडलेलं पत्रही मराठी. आजी भांडायची कोंकणीत आणि हरिपाठ म्हणायची मराठीत. यात काही वेगळं आहे असं तिला कधी वाटलं नाही. बाजारात कन्नड बोलायला लागायचं, तेही ती बोलायची.

१ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पुढची हकिकत आपण जगलोच आहोत. महाराष्ट्राने कारवार, सुपा, हल्याळ या तालुक्यांवरही हक्क सांगितला, आणि २००४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या वादात मी इथे शिरत नाही. एवढंच सांगतो की आजीच्या कारवारला 'मराठी' किंवा 'कन्नड' असं एकच लेबल चिकटवायला गेलं की तिचं निम्मं आयुष्य बाहेर राहतं. तिची मायबोली कोंकणी होती, हेसुद्धा आपण घोषणा देताना विसरत आलोय.

आणि आपण नकाशावर भांडत होतो त्याच काळात नकाशावरची गावंच पुसली जात होती. माझ्या मते खरं नुकसान हे झालं.

वर काळीवर धरणं आली. १९८७ मध्ये पुरं झालेलं सुपा धरण कर्नाटकातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक. ज्या सुपा गावावरून तालुक्याला नाव होतं ते गावच पाण्याखाली गेलं. तालुक्याचं ठाणं जोयड्याला हलवलं आणि उठलेल्या पुष्कळ कुटुंबांना रामनगरला वसवलं. गोव्याला जाताना आपली गाडी चहाला थांबते तेच हे रामनगर. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला मूळ गाव विचारून बघा. खाली कद्र्याला धरण झालं आणि त्याच जलाशयाच्या काठी कैगा अणुवीज केंद्र आलं. २००० साली त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. त्यातली पहिली २०१८ अखेर सलग ९६२ दिवस न थांबता चालली आणि जगात विक्रम झाला. विक्रमाचा अभिमान आहेच. पण कैगा म्हणजे आधी रानातला एक गाव होता, हेही लक्षात राहावं.

किनाऱ्यावर नौदल आलं. १९८६ मध्ये 'सीबर्ड' प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि ३१ मे २००५ ला आरग्याला 'आयएनएस कदंब' हा तळ सुरू झाला. त्यासाठी बिणग्यापासून अंकोल्याच्या बाजूपर्यंतच्या किनाऱ्यावरची सुमारे ११ हजार एकर जमीन गेली आणि चार हजारांहून जास्त कुटुंबं उठली. देशाला तळ हवा होता. १६३८ मध्ये इंग्रजांना जी खोल, आडोशाची जागा आवडली, तीच आपल्या नौदलालाही आवडली. पण रापण ओढणाऱ्या माणसाला डोंगराच्या पोटाशी घर मिळालं तर तो ओढणार काय? मोबदल्याच्या खटल्यांत माणसं म्हातारी झाली.

याच किनाऱ्यावरच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. हयातीत परमवीर चक्र मिळालेले ते पहिले वीर. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. बेळगावच्या मुलांना त्यांचं नाव सांगा. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला माणूस आहे.

सगळंच संपलंय असं मुळीच नाही. पौष पौर्णिमेला कुर्मगडच्या नरसिंहाची जत्रा आजही भरते आणि भाविक होड्यांतून बेटावर जातात. जोयड्यात कुणबी मंडळी कंदमुळांचा मेळा भरवतात. रानातले किती तऱ्हेचे कंद अजून त्यांच्या परसात आहेत ते तिथे बघायला मिळतं. अणशी-दांडेलीच्या रानाला २०१५ मध्ये काळी नदीचंच नाव मिळालं, काळी व्याघ्र प्रकल्प. खाडीच्या तोंडाशी समुद्रगरुड अजून घिरट्या घालतो.

पूल होण्याआधी कोडीबागहून सदाशिवगडला तरीने जायचे. ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री काळीवरचा तो जुना पूल कोसळला. एक ट्रक पाण्यात गेला, चालक वाचला. शेजारचा नवा पूल उभा होता म्हणून वाट तुटली नाही. त्या आठवड्यात आमच्या नात्यातल्या प्रत्येक फोनवर तरीच्या आठवणी निघाल्या. भाडं किती, तांडेल कोण, पावसात किती वेळ अडकायला व्हायचं. चाळीस वर्षं कोणी न काढलेला विषय पूल पडल्यावर निघाला.

म्हणून एक विनंती. ज्यांचं मूळ कारवार, सुपा, हल्याळ, अंकोला भागात आहे त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून घ्या. गेलेल्या गावाचं नाव, वाड्याचं नाव, विहिरीचं, शेताचं, रापणीच्या जागेचं, ग्रामदेवाचं नाव. देव कुठे हलवला तेही. माळ्यावर आगबोटीच्या काळातली पत्रं असतील, जमिनीचे मोडी कागद असतील, तर रद्दीत घालू नका. मोडी वाचता येत नसलं तरी फोटो काढून ठेवा. माझ्याकडे आजीने सांगितलेली अशी सतरा नावं वहीत आहेत. त्यातल्या पाच जागा आज कुणालाच दाखवता येत नाहीत. तुमच्याकडे असतील ती नावं इथे लिहा, मी वहीत उतरवून घेतो.