तिरक्या दोरीची कुळकथा

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीत घराचा पाया आखताना मिस्त्री कागद-पेन्सिल काढत नाही. खुंट्या ठोकतो, सुतळी ताणतो. एका बाजूला ३ फुटांवर खूण, दुसरीला ४ फुटांवर. आणि या दोन खुणांमधलं तिरकं माप बरोबर ५ फूट भरेपर्यंत सुतळी सरकवत राहतो. ५ भरले की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आला, मग चुन्याची फक्की पडते. त्याच गल्लीत दहावीचं एखादं पोर ‘निर्देशक भूमिती’च्या धड्यातलं अंतराचं सूत्र घोकत असतं: दोन बिंदूंच्या क्ष-निर्देशकांतल्या फरकाचा वर्ग, य-निर्देशकांतल्या फरकाचा वर्ग, दोन्हींची बेरीज आणि तिचं वर्गमूळ. सुतळी आणि सूत्र एकाच कुळातले. मधल्या पिढ्या तेवढ्या पुष्कळ झाल्या.

कुळाचा सगळ्यात जुना भारतीय पुरुष म्हणजे दोरीच. इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमारास बौधायनाने यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगितले, त्या ग्रंथाचं नावच शुल्बसूत्र. शुल्ब म्हणजे दोरी. आयतात तिरकी ताणलेली दोरी ती अक्ष्णयारज्जू. लांबी आणि रुंदी वेगवेगळी जी क्षेत्रफळं घडवतात, त्या दोन्हींएवढं ही एकटी घडवते, असं त्याचं सांगणं. पायथागोरसचं नाव या प्रमेयाला चिकटलं, त्याच्या दोन-तीन शतकं आधीची ही गोष्ट.

पुढे दोरी जाऊन धनुष्याची भाषा आली. काटकोन त्रिकोणाची एक बाजू भुज, दुसरी कोटी, म्हणजे धनुष्याचं टोक, आणि तिरकी ती कर्ण. कर्ण म्हणजे कान. गणित श्लोकांत लिहायचं, तर छंदात बसेल तो शब्द हवा. म्हणून संस्कृत ग्रंथांत कर्णाऐवजी श्रुती आणि श्रवण हेही शब्द सापडतात. पाठ्यपुस्तकात यांतला एकटा कर्ण टिकला.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, इ. स. ११५० मध्ये, एक खांब आहे ९ हात उंच. त्यावर मोर. खांबाच्या बुडाशी बीळ, आणि २७ हातांवरून साप बिळाकडे निघालेला. मोर तिरकी झेप घेतो, दोघं सारखंच अंतर कापून भेटतात. तर बिळापासून किती हातांवर? उत्तर १२. साप २७ वजा १२, म्हणजे १५ हात सरपटला. मोराचे ९ चा वर्ग ८१, १२ चा १४४, बेरीज २२५, वर्गमूळ तेच १५. बिळाला आरंभबिंदू म्हटलं, तर हा अंतराच्या सूत्राचा सरळ सोडवलेला नमुना. पण भास्कराचार्यांना बिळाला आरंभबिंदू म्हणायची गरज भासली नाही. त्यांच्याकडे मोर, साप आणि खांब होते. जागेला आकड्यांचं नाव देण्याची सोय नव्हती.

आकड्यांच्या नावाचं श्रेय फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला दिलं जातं. अंथरुणात पडल्या पडल्या छतावरची माशी पाहून त्याला निर्देशक सुचले, अशी गोष्ट वर्गात रंगवून सांगतात. गोष्ट गोड आहे, पुरावा नाही. १६३७ च्या त्याच्या ‘ला जिओमेत्री’त आजच्यासारखे काटकोनात काढलेले दोन अक्ष नाहीत, अंतराचं सूत्र तर नाहीच.

ते छापलं अलेक्सी क्लेरो या पोराने. १७३१ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, अवकाशात वळणाऱ्या वक्ररेषांवरच्या पुस्तकात. सपाट कागदावरचं सूत्र आणि उंचीचा तिसरा आकडा धरलेलं सूत्र, दोन्ही. हा मुलगा घरात बसून राहिला नाही. १७३६ मध्ये तो फ्रेंच गणिती मोपर्तुईच्या मोहिमेतून लॅपलँडला गेला. तिथे गोठलेल्या नदीच्या बर्फावर लाकडी दांड्यांनी पायारेषा मोजली गेली. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे की लांबट, हा वाद अक्षांशाचा एक अंश मोजून सोडवायचा होता. चपटी निघाली.

तोच प्रश्न घेऊन ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन १८०२ मध्ये मद्रासजवळ पोलादी साखळी अंथरू लागला. सुमारे १२ किलोमीटरची एक रेषा हाताने मोजायची. पुढे टेकडीवरून टेकडी पाहत फक्त कोन मोजायचे, अंतरं गणिताने काढायची. असे कोन मोजत बिदरजवळच्या दमरगिड्ड्यावरून उत्तरेला गेलेली त्याची मोजणीची रेषा ७७ अंश ४० कलांच्या आसपास चालते, म्हणजे हदगावच्या रेखांशावरून. लॅम्बटन १८२३ च्या जानेवारीत वर्ध्याकडच्या हिंगणघाटला वारला. थडगं तिथेच आहे. कळमनुरीचा रेखांश ७७ अंश २० कला. या अक्षांशावर एक कला म्हणजे पावणेदोन किलोमीटर, तेव्हा ती रेषा गावाच्या पूर्वेला ३५ किलोमीटरवरून गेली.

याच हिशेबाने कळमनुरी ते हिंगोली पाहता येतं. उत्तर-दक्षिण फरक ३ कला, साडेपाच किलोमीटर. पूर्व-पश्चिम ११ कला, १९ किलोमीटरांहून थोडा जास्त. वर्ग, बेरीज, वर्गमूळ: हवाई अंतर २० किलोमीटर. जमीन इथे सपाट मानली तरी चालते. शिवारात तर बिनधास्त चालते: ३३ फुटांची साखळी चारी बाजूंनी फिरवली की एक गुंठा, असा मोजणीचा जुना हिशेब. आता भूकरमापक धुऱ्यावर रोव्हर नावाचं यंत्र उभं करतो, उपग्रहांवरून दोन आकडे येतात आणि दोन दगडांमधलं अंतर यंत्र त्याच सूत्राने काढतं.

हजारो किलोमीटरांना मात्र सपाटपणा चालत नाही. शेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वलहरी वेधशाळा उभी राहायची आहे. २,६०० कोटींच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. तिचे दोन हात ४-४ किलोमीटर लांब, एकमेकांशी काटकोनात. भुज आणि कोटीच, फक्त अवाढव्य. तिची बहीण वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला आहे. विमानाला जमिनीच्या वळणाने हिंगोलीहून तिथे जायचं, तर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. गुरुत्वलहर वळण घेत नाही, ती पृथ्वीच्या पोटातून आरपार जाते. म्हणून इथे क्लेरोचा तिसरा आकडा लागतो: तिन्ही फरकांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. अंतर येतं सुमारे साडेदहा हजार किलोमीटर. त्या वाटेवरून थेट आलेली लहर एकीकडून दुसरीकडे पोचायला सुमारे ३५ मिलिसेकंद घेईल.