कुर्ल्याची अमेरिकन गाडी

१/४ प्रीमियर म्हटले की कल्याण-डोंबिवलीकरांना तेथील कारखाना आणि प्यूजो ३०९ आठवते. या कंपनीचा आरंभ मात्र ऐसपैस अमेरिकन गाड्यांनी झाला.

२/४ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्यात डॉज, प्लिमथ आणि डी सोटो यांची जुळणी होऊ लागली.

३/४ त्यांपैकी डॉज किंग्जवे आणि डी सोटो डिप्लोमॅट या मुळात नाव बदललेल्या प्लिमथच. त्यामुळे आज अशा गाडीचा जीर्णोद्धार करताना प्लिमथचे अनेक सुटे भाग उपयोगी पडतात.

४/४ मोह येथेच होतो. डिप्लोमॅटची नामपट्टी मिळेना, म्हणून प्लिमथची बसवली जाते. गाडी धावू लागते. पण तिच्यावरचा कुर्ल्याचा इतिहास पुसला जातो.