अस्सल बरहुकूम नक्कल

जुन्या दस्तऐवजाच्या प्रतीवर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा मारण्याची आपल्याकडे पद्धत होती. त्या शेऱ्याची किंमत मला एका हजेरीपटाने शिकवली. एका माग-कामगाराच्या ग्रॅच्युइटीचा दावा आम्ही चालवीत होतो. अस्सल हजेरीपट वाळवीने खाल्ला होता. हाती होती ती कोणी घाईने उतरून काढलेली प्रत. तिच्यात कामावर लागल्याचे साल चार वर्षांनी पुढे पडले होते. प्रत स्वच्छ दिसत होती, म्हणूनच ती खरी मानली गेली आणि त्या माणसाची चार वर्षे बुडाली.

आज तोच प्रश्न तबकड्यांचा आहे. आपल्या मालेगावात शुक्रवारी माग थांबतात आणि कामगार चित्रपटाकडे वळतो. त्याच प्रेक्षकांसाठी व्हिडिओ पार्लर चालवणारे शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. पुढे येथल्या 'सुपरमॅन'चे काम करणारे शफीक शेख हे यंत्रमागावरचे कामगार. ते २०११ साली वारले. या मंडळींवर फैजा अहमद खान यांनी २००८ साली माहितीपट केला आणि २०२४ साली रीमा कागती यांनी चित्रपट. जगाने दखल घेतली. पण मूळ चित्रे टेपांवर आणि सीडींवर घरोघर फिरली, झिजली. मुंबईची नक्कल म्हणून त्यांना कोणी हसो. आपल्या गल्ल्या आणि आपल्या कामगाराची बोली यांचा तो अस्सल दस्तऐवज आहे.

मग दुसऱ्या सीडीवर उतरून घेतले की झाले, असे आपल्याला वाटते. तसे नाही. सीडीवरचा मजकूर २३५२ बाइटांच्या खंडांत लिहिलेला असतो. संगणकाच्या साध्या सीडीत त्यांपैकी २०४८ बाइट मजकुराचे. उरलेल्यांत खुणा आणि चूक दुरुस्त करण्याची सामग्री. व्हिडिओ सीडीत चित्राला जागा हवी म्हणून दुरुस्तीचा एक थर काढून २३२४ बाइट वापरले. म्हणून ओरखडा तिला अधिक बाधतो, आणि घाईची नक्कल चूक तशीच पुढे नेते.

या बाबतीत व्हिडिओ खेळ जपणारे हौशी लोक आपल्या पुढे गेले आहेत. १९९४ साली निघालेल्या प्लेस्टेशनच्या तबकड्यांत वरील दोन्ही प्रकारचे खंड असतात. शिवाय काही खेळांत चोरट्या प्रती ओळखण्यासाठी मुद्दाम दोष पेरलेले असतात. ते दोष 'सुधारले' तर खेळ चालत नाही. म्हणून 'रिडंप' या उपक्रमात संपूर्ण तबकडी, दोषांसकट, उतरून घेतात. मग वर्गणीच्या वहीची बेरीज ताडावी तशी साऱ्या अंकांची एक गणिती खूण काढतात. दुसऱ्या माणसाने दुसऱ्या तबकडीवरून काढलेली खूण तंतोतंत जुळली, की प्रतीला पुरा दुजोरा मिळाला. ही धडपड रिकामपणाची नव्हे. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळत नाहीत, असे तेथील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली दाखवून दिले.

आपल्याच जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके. त्यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण मिळत नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले, तोवर मूकपटांचा मोठा भाग नाहीसा झाला होता. जपणूक उशिरा सुरू झाली, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा माझे मागणे लहान आहे. घरच्या पेटीत जुनी सीडी सापडली, मग ती चित्रपटाची असो की खेळाची, तर ती टाकू नका. ऊन आणि ओल यांपासून दूर ठेवा. जाणत्याकडून, दोन वेगळ्या यंत्रांवर, ती पूर्ण उतरवून घ्या आणि दोन्ही प्रती ताडून पाहा. जे वाचता आले नाही, ते वाचता आले नाही असेच लिहून ठेवा. रिकामी जागा अंदाजाने भरू नका. त्या हजेरीपटावर कोणी 'येथे अक्षर लागत नाही' एवढे लिहिले असते, तर आम्हांला दुसरा पुरावा शोधायची बुद्धी झाली असती.