कुंभाराचं गाढव आणि हार्ड डिस्क

मागच्या वेळी आपण कार्यकारणभावाबद्दल बोललो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, कॉम्प्युटर हळू झाला की हार्ड डिस्क डिफ्रॅग करा म्हणतात. त्यानं खरंच वेग वाढतो का?" तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराला हे काय विचारता, असं काहींना वाटलं असेल. मला तो प्रश्न आपल्या विषयातलाच वाटला. शिवाय त्यात मी स्वतः एकदा पोळलो आहे.

आधी यंत्र पाहू. १९५६ साली आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, आणि साठवण ५० लाख अक्षरांची! आकार पुढे खूप बदलला, तत्त्व तेच राहिलं. तबकडी फिरते आणि वाचणारं टोक आत-बाहेर सरकतं. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यासाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती जागा टोकाखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद थांबायचं; टोक सरकण्याचा वेळ वेगळाच. फाइल सलग लिहिलेली असेल तर हे थांबणं जवळजवळ एकदाच. पण आपण लिहितो, पुसतो, पुन्हा लिहितो. मोकळी जागा फटीफटींनी उरते आणि नवी फाइल त्या फटींत विखुरते. शंभर तुकडे, तर शंभर वेळा थांबणं.

हा नुसता तर्क नव्हे, मोजलेली गोष्ट आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या मकक्युझिक, जॉय, लेफलर आणि फॅब्री या चौघांचा १९८४ चा निबंध प्रसिद्ध आहे. युनिक्सची जुनी फाइल-व्यवस्था कोरी असताना सेकंदाला १७५ किलोबाइटपर्यंत वाचायची. काही आठवडे साधारण वापर झाला की तोच वेग ३० वर यायचा. सहापट घसरण! त्यांचा उपाय मला फार आवडतो. पसारा आवरायचा कार्यक्रम त्यांनी लिहिला नाही, मांडायची पद्धतच बदलली. एका फाइलचे भाग शेजारीशेजारी ठेवायचे, आणि त्यासाठी डिस्कचा दहावा हिस्सा कायम मोकळा राखायचा.

आपल्या घरांत आली ती डॉस आणि विंडोज. तिथे मोकळी जागा दिसेल तसं भरत जायचं, म्हणून नंतर आवराआवर आली. १९९३ साली एमएस-डॉस ६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं डिफ्रॅगचा कार्यक्रम दिला. तो सिमँटेककडून घेतलेला होता. विंडोज ९५ मधले ते रंगीत चौकोन तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. मी तर चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर बसायचो. घर सारवल्याचं समाधान मिळायचं, खोटं कशाला बोलू?

आणि नंतर कॉम्प्युटर पळायचाही. पण कशामुळे? डिफ्रॅगच्या आधी मी नको त्या फाइली पुसायचो, उघडे कार्यक्रम बंद करायचो, शेवटी मशीन बंद करून पुन्हा सुरू करायचो. नैयायिकांचं गाढव आठवा. कुंभाराचं गाढव माती वाहून आणतं, मडकं तयार होतं. म्हणून गाढव मडक्याचं कारण ठरत नाही. माती डोक्यावरून आणली तरी मडकं होतंच. गाढव अन्यथासिद्ध. माझ्या वेगात डिफ्रॅगचा वाटा किती आणि पुन्हा सुरू करण्याचा किती, हे मी कधी वेगळं करून पाहिलंच नाही. वर्गात मात्र अन्वय-व्यतिरेक शिकवत होतो.

त्याची किंमत पुढे मोजली. एक फाइल उघडायला मिनिटं लागू लागली. मी ठरवून टाकलं, तुकडे झालेत. दोन रात्री डिफ्रॅग चालवला. खरं तर डिस्कच मरणाला टेकली होती. टकटक आवाज येत होता, तोही मी कामाचा आवाज समजलो. ज्या रात्री फाइली दुसरीकडे उतरवून घ्यायच्या, त्या रात्री मी मरत्या डिस्ककडून हमाली करून घेतली. माझ्या गुरुजींच्या व्याख्यानांची दोन वर्षं टाइप केलेली टिपणं त्यात गेली. निम्मी फ्लॉपीवर होती, तेवढी वाचली. गुरुजी तोवर हयात नव्हते.

पुढचा इतिहास थोडक्यात. २००७ च्या व्हिस्टानं ते चौकोन काढून टाकले आणि काम ठरल्या वेळी आपोआप होऊ लागलं. ६४ मेगाबाइटपेक्षा मोठे तुकडे जोडत बसायचं नाही, असंही ठरलं. एवढं वाचायला जो वेळ लागतो त्यापुढे एकदा थांबणं किरकोळ. मग एसएसडी आली. तिच्यात तबकडी नाही, टोक नाही, त्यामुळे शेजारचा तुकडा आणि दूरचा तुकडा जवळपास सारखेच. उलट तिच्या पेशींवर ठरावीक वेळाच लिहिता येतं, म्हणजे उगाच हलवाहलव केली की आयुष्य खर्ची पडतं. म्हणून २००९ च्या विंडोज ७ नं एसएसडीवर हे नेमानं चालणारं डिफ्रॅग बंद ठेवलं.

तेव्हा, प्रश्न विचारणाऱ्या त्या गृहस्थांना माझं उत्तर असं. तुमच्याकडे तबकडीची डिस्क असेल, ती भरत आली असेल आणि तुकडे खरंच फार झाले असतील, तर फरक पडेल. एसएसडी असेल तर स्वतःहून काही करू नका. आणि डिस्क टकटक करत असेल तर व्याख्यान अर्धवट सोडा, घरी जा आणि आधी फाइलींची प्रत काढा. मी रागावणार नाही.