भागाकार विसरलेला अंक

बुद्ध्यंक हा शब्द आता इतका रुळला आहे की तो फोडून पाहावा असे सहसा कोणाला वाटत नाही. बुद्धी आणि अंक, संधी साधा, अर्थ उघड. पण ज्या मूळ जर्मन शब्दावरून ही कल्पना जगभर गेली त्यात नुसता अंक नव्हता, भागाकार होता: एका वयाला दुसऱ्या वयाने भागून आलेले उत्तर. मराठीत येताना भागाकार गळला आणि अंक तेवढा उरला. बुद्धिगुणांक या दुसऱ्या शब्दात तर ‘गुण’ शिरला, आणि गुण म्हटले की परीक्षेतले मार्क आणि अंगचा गुण हे दोन्ही अर्थ आपल्या मनात एकदमच उभे राहतात. म्हणून अहवालात ‘७८’ असे वाचणाऱ्या आईवडिलांना तो आकडा मुलाच्या अंगातलाच वाटतो, रक्तगटासारखा, जन्माचा. माझे म्हणणे असे की हा आकडा मुलाच्या आत नाही. मूल आणि त्याच्या वयाची इतर मुले यांच्यामध्ये तो आहे. हे मी दयाबुद्धीने म्हणत नाही, त्याची कुळकथाच तसे सांगते.

फ्रान्सने १८८२ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. वर्ग भरले, आणि वर्गाच्या चालीने शिकू न शकणारी मुलेही बाकांवर येऊन बसली. त्यांच्यासाठी वेगळे वर्ग काढायचे तर निवड कोणी आणि कशी करायची? शिक्षकाला नकोसे झालेले मूल ‘मंद’ ठरण्याची भीती होती, आणि एकाच मुलाला दोन डॉक्टर दोन निरनिराळी नावे देत. १९०४ मध्ये सरकारने नेमलेल्या आयोगात आल्फ्रेड बिने होते, सोरबोनच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेचे संचालक. डोक्याचा घेर मोजून बुद्धी कळते का, हे त्यांनी आधी स्वतः करून पाहिले होते. फरक निघाले ते नगण्य, म्हणून तो नाद त्यांनी सोडला. थिओडोर सिमों या तरुण डॉक्टरांबरोबर १९०५ मध्ये त्यांनी सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या ३० कसोट्या मांडल्या. पहिली कसोटी पेटत्या काडीमागे नजर फिरते का एवढीच. पुढे आकडे ऐकून तसेच म्हणायचे, दोन वजनांतले जड कोणते ते हातावर घेऊन सांगायचे. एक तर फार सुंदर आहे. परीक्षक कागदाची चौघडी घालतो, घडीच्या कडेला कात्रीने छोटा त्रिकोण कापतो, आणि कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते मुलाने न उलगडता काढून दाखवायचे. यात पाठांतराचा उपयोग नाही. पेन्सिल टेकवण्याआधी मुलाला तो कागद मनातल्या मनात उलगडावा लागतो.

खरे वळण आले १९०८ मध्ये. सुमारे २०० मुलांना तपासून बिने-सिमों यांनी कसोट्या वयाप्रमाणे लावल्या, तीनपासून तेरा वर्षांपर्यंत. सात वर्षांच्या बहुतेक मुलांना जे जमते ती कसोटी सातव्या वर्षाची. म्हणजे मोजपट्टीवरच्या खुणा कुठल्याही सिद्धांतातून आल्या नव्हत्या. बरोबरीच्या मुलांना काय जमते, यावरून त्या पडल्या होत्या. मूल मागे आहे याचा अर्थ एवढाच, की आज, या कामांत, ते सवंगड्यांच्या मागे आहे. ते का मागे आहे, हे पट्टी सांगत नाही. बुद्धी ही वाढवता न येणारी ठरीव रक्कम आहे असे म्हणणाऱ्यांवर बिने यांनी १९०९ च्या पुस्तकात कडाडून टीका केली. अशा मुलांसाठी त्यांनी मनाच्या व्यायामाचे धडे सुचवले. त्यातला एक ‘पुतळ्यांचा’: खूण होताच मुलांनी आहेत तसे थिजायचे, आणि पुढची खूण होईपर्यंत हलायचे नाही. वाचन-गणिताआधी लक्ष धरून ठेवणे शिकवायचे, आणि ते शिकवता येते, ही त्यामागची धारणा. मोजमाप या धड्यांसाठी होते.

बिने १९११ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने एक खरी अडचण दाखवली: चार वर्षांचे मूल दोन वर्षे मागे असणे आणि चौदा वर्षांचे दोन वर्षे मागे असणे सारखे नाही. म्हणून वजाबाकीऐवजी भागाकार करावा. गणित बिनचूक होते. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन यांनी १९१६ च्या आवृत्तीत त्याला १०० ने गुणले. आता पहिल्या मुलाचा अंक ५०, दुसऱ्याचा ८६. पण या सोयीत एक गोष्ट हरवली. ‘दोन वर्षे मागे’ म्हटले की मूल वाटेवर आहे असे कळते आणि त्याला पुढे नेण्याचा विचार मनात येतो. ‘५०’ म्हटले की वाट दिसतच नाही. त्याची किंमत कोणी मोजली, हे व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीच्या खटल्यात दिसते. याच कसोटीने तिचे मानसिक वय नऊ ठरले, तिची आई आणि तान्ही मुलगीही ‘तशाच’ ठरवल्या गेल्या, आणि १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तिच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. ती मुलगी, व्हिव्हियन, पुढे शाळेत गेली आणि १९३१ मध्ये तिचे नाव गुणवंतांच्या यादीत लागले.

यावर आक्षेप येतो की दोष वापरणाऱ्यांचा, आकडा तर खरा आहे. शालेय यशाचा अंदाज त्यावरून बऱ्यापैकी बांधता येतो. हे मी मान्य करतो. पण शाळेतल्या कामांसारखीच कामे देऊन केलेली कसोटी शाळेचा अंदाज देणारच. त्यावरून मुलाच्या अंगी कायमचे काय आहे ते सिद्ध होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून बुद्ध्यंकातल्या फरकांत आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसतो, तो नाकारता येत नाही. मात्र उंचीतही तो वाटा मोठाच असतो, आणि तरी खाणेपिणे सुधारले की पिढीच्या पिढी उंच होते. बुद्ध्यंकाचेही तेच घडले. न्यूझीलंडमधील विद्यापीठात शिकवणाऱ्या जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेचे आणि १९८७ मध्ये १४ देशांचे आकडे मांडून दाखवले की कसोट्यांतली कामगिरी पिढीगणिक वाढत आली आहे, अमेरिकेत दर दशकाला साधारण तीन गुणांनी. एवढ्या अवधीत जनुके बदलत नाहीत. शाळा, घर, आहार आणि विचार करण्याची सवय बदलते.

तिसरा आक्षेप आपल्या घरचा आहे, आणि मला तो सर्वांत जवळचा वाटतो: अंक नसेल तर बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नसेल तर मदत नाही. अगदी खरे. आणि मदतीसाठी मोजणे हाच तर बिने यांचा हेतू होता. तिथे हा अंक आपल्या मूळ घरी परत येतो. व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्यातल्या मराठी आणि कानडी मुलांसाठी बिने यांच्या कसोटीची आवृत्ती तयार केली, त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये आला. पॅरिसच्या मुलापुढे नाणी ठेवून त्यांची नावे विचारत. ती नाणी इकडच्या मुलाने कधी पाहिलेलीच नव्हती, म्हणून अशी कसोटी नुसती भाषा बदलून चालत नाही. पुढे इतर कसोट्यांनी मानसशास्त्रज्ञ वेक्स्लर यांच्या पद्धतीने भागाकार सोडला. तिथे समवयस्कांची सरासरी १०० धरून मूल तिच्यापासून किती दूर आहे ते मोजतात. पण आपल्याकडे अनेक केंद्रांत अजून वापरात असलेल्या बिने-कामत कसोटीत तो भागाकार आजही होतो. कागदावर आधी मुलाचे वय वर्षे-महिन्यांत लिहितात, मग मानसिक वय काढतात, मग भागतात. शाळेत नाव घालताना सोयीसाठी १ जून ही जन्मतारीख लावून देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. समजा एखाद्या मुलाचे मानसिक वय सहा वर्षे निघाले आणि दाखल्याप्रमाणे त्याचे वय आठ आहे: अंक ७५. तेच मूल खरे तर साडेसात वर्षांचे असेल, तर अंक ८०.