चाकावरच्या काळ्या धुळीचा इतिहास

मोटारीच्या अलॉय व्हीलवर, विशेषतः पुढच्या दोन चाकांवर, जो काळपट तपकिरी थर चढतो तो रस्त्यावरच्या मातीचा नसतो. माती पाण्याने जाते. हा थर जात नाही. ब्रेक दाबताना पॅड आणि डिस्क एकमेकांवर घासून झिजतात, आणि त्यांचा भुगा चाकावर येऊन बसतो. पुढच्या चाकांवर तो अधिक दिसतो, कारण वेग कमी होताना गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात. आजचा थ्रेड या भुग्याविषयी आहे. तो कोणाच्या डोळ्यांना दिसला आणि कोणाच्या फुप्फुसात गेला, या दोन प्रश्नांची उत्तरे इतिहासात दीर्घकाळ वेगवेगळी राहिली.

आरंभ एका चांभाराच्या दुकानात होतो. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन पतीने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. उतारावर लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या गावात चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याची, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला ‘लायनर’ म्हणतात त्याची, मोटारीच्या इतिहासातली ही पहिली ठळक नोंद.

पुढचा टप्पा इंग्लंडमधल्या डर्बीशरचा. तिथल्या चढउतारांवर घोडागाडीवाले आपल्या लाकडी ब्रेकवर जुने बूट ठोकत, आणि ते पाहून हर्बर्ट फ्रूड यांना कल्पना सुचली, असे सांगतात. १८९७ मध्ये त्यांनी ब्रेकचे ठोकळे बनवण्याचा उद्योग सुरू केला. आपल्या आडनावातल्या अक्षरांत पत्नी एलिझाबेथ यांचे ‘ई’ मिसळून त्यांनी जे नाव घडवले ते ‘फेरोडो’. आरंभीचे अस्तर सुताचे होते. मोटारींचा वेग वाढला तसे सूत करपू लागले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याची जागा अ‍ॅस्बेस्टॉसने घेतली. जळत नाही, विणता येतो, स्वस्त मिळतो: ब्रेकसाठी याहून सोयीचा पदार्थ त्या काळी कोणाला ठाऊक नव्हता.

किंमत लवकरच दिसू लागली. रॉचडेल येथे टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातणाऱ्या नेली कर्शॉ १९२४ मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारल्या. डॉ. विल्यम कुक यांनी त्यांच्या फुप्फुसांचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. कंपनीने मात्र नुकसानभरपाई नाकारली. याच दशकात फेरोडो कंपनी टर्नर अँड न्यूऑल या त्याच समूहात सामील झाली. १९३० मध्ये मेरवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला, १९३१ मध्ये नियम झाले. परंतु त्यांचा रोख कारखान्यांवर होता. गॅरेज त्यांच्या कक्षेबाहेर राहिले.

गॅरेज बाहेर राहिल्याचा परिणाम समजण्यासाठी ड्रम ब्रेकची रचना पाहावी लागते. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पालथा डबा. आतल्या दोन अर्धवर्तुळाकार शूंवरचे लायनर त्याच्या भिंतीवर आतून दाबले जातात. झिजलेला भुगा बहुतांशी डब्यातच साठतो. त्यामुळे चाक बाहेरून स्वच्छ दिसे आणि मालकाला धुळीचा पत्ता नसे. ती धूळ भेटे ती ड्रम उघडणाऱ्या मेकॅनिकला. तो तिच्यावर हवा मारी, आणि सगळा भुगा तोंडासमोर उडे. नवे लायनर ड्रममध्ये नीट बसावेत म्हणून घासले जात, तेव्हा तर कोरा अ‍ॅस्बेस्टॉसच हवेत येई.

१९६० मध्ये वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील खाणप्रदेशातून मेसोथेलिओमा या कर्करोगाचे ३३ रुग्ण नोंदवले, आणि अ‍ॅस्बेस्टॉसशी त्याचे नाते प्रस्थापित झाले. तरी अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने ब्रेक-दुरुस्तीच्या धुळीविषयी स्वतंत्र इशारा दिला तो १९७५ मध्ये. येथे न्याय्य राहून दुसरी बाजू सांगणे आवश्यक आहे. ब्रेकच्या उष्णतेने अ‍ॅस्बेस्टॉसचे बरेचसे तंतू दुसऱ्याच खनिजात रूपांतरित होतात, आणि मेकॅनिकांमधील कर्करोगाचे प्रमाण किती, यावर न्यायालयांत दशकानुदशके वाद झाले. माझ्या मते हा युक्तिवाद लायनर घासणाऱ्या माणसाला फारसा लागू पडत नाही. त्याच्या वाट्याला तापण्यापूर्वीचाच तंतू येतो.

मुंबईचा संबंध इथे येतो. घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना होता. अँबॅसेडर आणि पद्मिनी या गाड्यांच्या चारही चाकांना दीर्घकाळ ड्रम ब्रेकच होते, तेव्हा लायनर बदलणे हे गल्लीतल्या प्रत्येक गॅरेजचे नित्याचे काम. जानेवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातील कामगाराचे आरोग्य हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला आणि प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे जपण्याचा आदेश दिला. ज्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही, त्या गॅरेजमधल्या पोऱ्याची नोंद कोण ठेवणार?

आता चाकाकडे वळू. ऑगस्ट १९२४ मध्ये ल्योंच्या शर्यतीत बुगाटीने आपली टाइप ३५ ही गाडी उतरवली. तिची चाके ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती, आठ चपट्या आऱ्यांची, आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला. चाक काढले की ड्रमही निघे आणि ब्रेक तपासता येई. टायरांच्या दोषामुळे त्या शर्यतीत बुगाटीला यश मिळाले नाही; चाकाची कल्पना मात्र टिकली. डिस्क ब्रेकचे पेटंट लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच घेतले होते, परंतु त्याचा डंका वाजला तो १९५३ च्या ल मांस शर्यतीत, जेव्हा डिस्क ब्रेकची जॅग्वार सी-टाइप पहिली आली. डिस्क उघडी असते, म्हणून ती लवकर थंड होते. उघडी असते म्हणूनच तिचा भुगा थेट चाकावर उडतो. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे चाक आणि उघडी डिस्क हे दोन प्रवाह एकत्र आल्यावर ब्रेकची धूळ प्रथमच गाडीच्या मालकाला खुपू लागली.

पुढे अ‍ॅस्बेस्टॉस हटला. ब्रिटनने त्याचा उरलेला पांढरा प्रकार १९९९ मध्ये बंद केला, युरोपीय संघात २००५ पर्यंत पूर्ण बंदी आली. अमेरिकेने तसा नियम जाहीर करण्यास मार्च २०२४ उजाडला. त्याची जागा ज्या मिश्रणांनी घेतली त्यांत पोलादाचे तंतूही आले, आणि डिस्क बिडाची असल्याने भुग्यात लोखंड मुबलक असते. तापलेले कण चाकाच्या पारदर्शक लॅकरमध्ये रुततात, ओलाव्याने गंजतात आणि तपकिरी ठिपके उमटतात. साबण त्यांना हलवू शकत नाही.

तांब्याच्या भांड्याला चिंच लावणाऱ्या आपल्या हाताला इथे आम्ल वापरण्याचा मोह होईल. अ‍ॅल्युमिनियम मात्र आम्ल आणि अल्कली दोहोंतही विरघळते. धुण्याच्या सोड्याने काळवंडलेले पातेले अनेक घरांत सापडेल. आजचे लोखंड काढणारे द्रावण थायोग्लायकोलेट या क्षाराचे असते. ते लोखंडाशी संयोग पावते आणि चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागतात. त्याचा उग्र वास केस कुरळे करणाऱ्या सलूनमध्ये ओळखीचा वाटेल, कारण तिथेही हेच कुळ वापरतात. चाक थंड असताना, सावलीत ते फवारावे, सुकण्यापूर्वी मऊ ब्रशाने घासून भरपूर पाण्याने धुवावे. लॅकरच फुगून पांढरे पडले असेल तर कोणतीही बाटली उपयोगाची नाही. लॅकर उतरवणे, वॉटर पेपरने घासणे आणि पुन्हा रंग व लॅकर देणे एवढाच मार्ग उरतो.

याहून झटपट काम करणारी काही औषधे हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या कुळातली असतात. ते त्वचेतून आत शिरते, शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते, आणि सौम्य द्रावणाची वेदना काही तासांनी जाणवते. एकट्या वॉशिंग्टन राज्यात २००१ ते २०१३ या काळात गाड्या धुणारे ४८ कामगार या आम्लाने भाजल्याची नोंद आहे. इथेही चाक मालकाचे आणि हात दुसऱ्याचे. बाटलीवर फ्लोराइडचा उल्लेख असेल तर ती घेऊ नये, आणि धुणाऱ्याला तर मुळीच देऊ नये.

२०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘युरो ७’ नियमांनी ब्रेकच्या धुळीवर प्रथमच मर्यादा घातली: बहुतेक मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, विजेवरच्या मोटारींना ३. विजेच्या गाड्या बराचसा वेग मोटरनेच कमी करतात, त्यामुळे त्यांचे ब्रेक कमी झिजतात आणि उघड्या डिस्क वापराअभावी गंजतात. म्हणून फोक्सवॅगनने आपल्या आयडी.३ या विजेवरच्या गाडीच्या मागच्या चाकांना पुन्हा ड्रम बसवले आहेत. भुगा पुन्हा डब्यात गेला आहे, या वेळी अ‍ॅस्बेस्टॉसशिवाय.