भिंतीतील सॉकेट आणि पन्नास हर्ट्झ : रायपूरमार्गे एक इतिहास

घरी उंची ध्वनिसंच बाळगणाऱ्या रसिकांमध्ये दोन समजुती चांगल्याच रुजल्या आहेत. पहिली अशी की, भिंतीतील साधे सॉकेट काढून तेथे सोन्याचा किंवा ऱ्होडियमचा मुलामा दिलेले महागडे सॉकेट बसवले, की संगीत अधिक निर्मळ ऐकू येते. दुसरी अशी की, नवे उपकरण, नवी केबल, इतकेच काय नवे सॉकेटसुद्धा शेकडो तास चालवून ‘मुरवावे’ लागते. या क्रियेला ‘बर्न-इन’ म्हणतात. जपानमधील काही श्रोत्यांनी केवळ संगीतासाठी घराशेजारी स्वतंत्र विजेचा खांब आणि रोहित्र उभारून घेतल्याच्या बातम्या २०१६ साली जगभर वाचल्या गेल्या. हे सारे हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु विजेतील दोष संगीतात उतरतो, हे भारतात एके काळी अक्षरशः खरे होते. तो दोष कसा गेला, हे पाहिले म्हणजे सॉकेटकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, हेही उलगडते. त्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा छत्तीसगडच्या राजधानीत, रायपुरात आहे.

प्रथम सॉकेटची कुळकथा. भारतीय घरांतील गोल पिनांचे सॉकेट मूळचे ब्रिटिश. त्याचे ‘बीएस ५४६’ हे मानक १९३४ सालचे. पुढे १९४७ साली ब्रिटनने चौकोनी पिनांचे, आत फ्यूज असलेले नवे मानक स्वीकारले आणि हळूहळू गोल पिनांना निरोप दिला. त्याच वर्षी स्वतंत्र झालेल्या भारताने मात्र जुनी गोल पिनच ठेवली. आज तिचे भारतीय मानक ‘आयएस १२९३’ हे असून, लोकांच्या तोंडी असलेले पाच आणि पंधरा अँपिअरचे पॉइंट त्यात सहा आणि सोळा अँपिअरचे झाले आहेत. या रचनेतील वरची पिन इतर दोन पिनांपेक्षा जाड आणि लांब असते. ती अर्थिंगची पिन. प्लग लावताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी, एवढ्यासाठी ही लांबी दिलेली आहे.

आता संगीताकडे वळू. अनेक नामांकित टर्नटेबलांमध्ये रेकॉर्ड फिरवणारी मोटर सिंक्रोनस प्रकारची असे. अशा मोटरची गती विद्युतदाबावर नव्हे, तर विजेच्या वारंवारितेवर ठरते. सोळा ध्रुवांची मोटर ५० हर्ट्झला मिनिटाला बरोबर ३७५ फेरे घेते आणि पट्ट्याच्या साहाय्याने रेकॉर्ड ३३⅓ फेऱ्यांनी फिरवते. दुसऱ्या टोकाला, औष्णिक केंद्रातील दोन ध्रुवांचे जनित्र त्याच ५० हर्ट्झसाठी मिनिटाला ३००० फेरे घेत असते. कोरबा येथील एनटीपीसीचे केंद्र १९८३ पासून वीज देऊ लागले. तेथील जनित्राचे अजस्र चाक आणि रायपूरच्या दिवाणखान्यातील रेकॉर्ड, जणू एकाच अदृश्य दातेरी चक्राने जोडलेली होती. एक मंदावले की दुसरे मंदावणारच.

आणि ते मंदावत असे. मागणी निर्मितीपेक्षा वाढली, की तूट जनित्रांच्या फिरत्या वस्तुमानातील गतिज ऊर्जेतून भरून निघते. परिणामी सर्व जनित्रे एकत्रच संथ होतात. रात्री मागणी ओसरली आणि निर्मिती मात्र कमी केली नाही, की ती वेगावतात. १९९० च्या दशकात भारतातील वारंवारिता ४८ ते ५२ हर्ट्झ अशा रुंद पट्ट्यात हेलकावत असे. ती ४८.५ हर्ट्झवर आली म्हणजे ३ टक्के घट झाली. रेकॉर्डची वीस मिनिटांची बाजू संपायला सुमारे ३७ सेकंद अधिक लागणार आणि गायकाचा षड्ज, सा आणि कोमल रे यांमधील अंतराच्या जवळजवळ निम्म्याने, खाली उतरणार. तंबोरा जुळवून रेकॉर्डबरोबर गाणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक सहज खटकावा, एवढा तो मोठा आहे. सॉकेटवर कितीही सोने चढवले असते, तरी हा सूर जागेवर आला नसता. कारण बिघाड भिंतीत नव्हता, संपूर्ण जाळ्यात होता.

उपाय निघाला तो अर्थशास्त्र आणि भौतिकी यांच्या संगमातून. ‘उपलब्धता-आधारित दरपद्धती’ देशात सर्वप्रथम पश्चिम विभागात १ जुलै २००२ रोजी लागू झाली. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आणि गोवा यांच्यासह नवनिर्मित छत्तीसगडही याच विभागात येतो. ठरलेल्या वेळापत्रकापेक्षा जास्त वीज उचलणाऱ्या राज्याला त्या क्षणीच्या वारंवारितेनुसार दर मोजावा लागू लागला. वारंवारिता जितकी कमी, तितका दर चढा. आणि अशा वेळी जादा वीज देणाऱ्याला तितकीच जादा कमाई. विभागातील सर्व नियंत्रण कक्षांना एकच आकडा दिसत होता आणि त्या आकड्याला आता किंमत आली होती. वर्षानुवर्षांच्या सूचनांनी जी शिस्त लागली नाही, ती या दरपत्रकाने थोड्याच काळात लावली.

याच सुमारास रायपूरचे नाव वीजजाळ्याच्या इतिहासात नोंदले गेले. तोपर्यंत देशातील बहुतेक विभागीय जाळी स्वतंत्रपणे धडधडत होती. विंध्याचल किंवा चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे दोन विभाग जोडलेले होते खरे, पण प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत आणि पुन्हा प्रत्यावर्ती विजेत रूपांतर करून. त्यामुळे दोन्ही बाजू आपापली वारंवारिता राखू शकत. मार्च २००३ मध्ये राउरकेला ते रायपूर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीने पूर्वेकडील जाळे आणि पश्चिमेकडील जाळे थेट, एकाच ठेक्यात जोडले. ऑगस्ट २००६ मध्ये उत्तर विभाग त्यात आला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी कर्नाटकातील रायचूर आणि महाराष्ट्रातील सोलापूर यांच्यामधील ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणही सामील झाली. जाळे जितके मोठे, तितके फिरते वस्तुमान अधिक आणि एखाद्या धक्क्याने बसणारा हेलकावा लहान. नियमांतील वारंवारितेचा पट्टाही अरुंद होत होत ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झवर आला. दरम्यान क्वार्ट्झ स्फटिकाने गती राखणारी टर्नटेबलेही आली होती आणि त्यांनी विजेच्या वारंवारितेवरचे अवलंबनच संपवले होते.

मग सॉकेटकडे उरते तरी काय? थोडे गणित करावे. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१२ ओहम असतो. मीटरच्या बोर्डापासून दहा मीटरवरच्या पॉइंटपर्यंत जाऊन-येऊन वीस मीटर तार, म्हणजे सुमारे ०.२४ ओहम. घट्ट बसलेल्या सॉकेटचा संपर्करोध काही सहस्रांश ओहम एवढाच. तो शून्यावर आणला तरी एकूण रोधात नगण्य फरक पडेल. शिवाय ॲम्प्लिफायरमध्ये वीज रोहित्रातून जाऊन एकदिश होते आणि कपॅसिटरमध्ये साठते. स्पीकरकडे जातो तो या साठ्यातील प्रवाह.

‘मुरवण्या’चा इतिहास मात्र पूर्णतः काल्पनिक नाही. इलेक्ट्रॉनिक भाग लवकर निकामी होतात ते बहुधा आयुष्याच्या आरंभी. म्हणून लष्करी आणि अवकाशीय उपकरणांचे भाग कारखान्यातच उष्णतेत चालवून दुबळे भाग वेगळे काढण्याची रीत पडली. बर्न-इनचा मूळ अर्थ तो. सुधारणा नव्हे, निवड. दीर्घकाळ पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील ऑक्साइडचा थर दाब मिळाल्यावर पुन्हा सावरतो. नव्या स्पीकरच्या पडद्याची झोळ थोडी सैलावते आणि त्याची अनुनाद वारंवारिता किंचित उतरते. हे सारे मोजता येते. सॉकेटच्या पितळेत असे काही घडत नाही. शेकडो तासांत बदलतो तो बहुधा ऐकणाऱ्याचा कान. म्हणूनच कोणते उपकरण चालू आहे हे न सांगता तुलना करायला लावणारी एबीएक्स चाचणी १९५० साली बेल प्रयोगशाळेतील मन्सन आणि गार्डनर यांनी मांडली आणि १९८२ साली डेव्हिड क्लार्क यांनी ती ध्वनिसंचांसाठी रूढ केली. फरक खरा असेल, तर तो डोळे मिटूनही ओळखता आला पाहिजे.

तरीही सॉकेट बदलावे असे प्रसंग आहेतच. जुन्या सॉकेटच्या पात्या ढिल्या पडून रोध ०.१ ओहम झाला आणि त्यातून १६ अँपिअर प्रवाह गेला, तर त्या इवल्याशा जागी सुमारे २६ वॉट उष्णता निर्माण होते. प्लास्टिक वितळण्याची आणि आग लागण्याची सुरुवात अशीच होते. दुसरा धोका अधिक छुपा आहे. दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून बंद वळसा तयार झाला, की स्पीकरमधून ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतील घरघर ऐकू येते. ती थांबवण्यासाठी अनेक जण प्लगची लांब पिनच काढून टाकतात. घरघर थांबते, पण आत एखादी तार सुटून धातूच्या पेटीला लागली तर त्या पेटीवर २३० व्होल्ट उभे राहतात आणि ते जमिनीत न्यायला वाट उरत नाही. घरघरीवर खरा उपाय म्हणजे सर्व उपकरणे एकाच बोर्डावरून चालवणे किंवा ध्वनिसंकेताच्या मार्गात विलगीकरणाचे रोहित्र बसवणे.

रायपूरच्या एखाद्या घरात आज रेकॉर्डवरचा षड्ज जागच्या जागी लागतो, त्यामागे राउरकेल्याकडे जाणारी वाहिनी, २००२ चे दरपत्रक आणि नियंत्रण कक्षांतील अनाम अभियंते आहेत. सॉकेटचे काम त्या मानाने लहान, पण जिवाशी गाठ असलेले आहे : प्लग घट्ट धरणे आणि लांब पिनेला जमिनीपर्यंत पोहोचवणे. मुलाम्यावर खर्च करण्यापूर्वी जाणत्या वायरमनकडून घराचे अर्थिंग तपासून घेणे, हेच त्या इतिहासाला धरून होईल.